पुराच्या मदतीला ट्रक लावायचाय? मग ३५ हजारांचं कार्ड घेऊ नकोस

आडगावहून आलेलं पत्र :

काका, नमस्कार. वडिलांच्या तीन गाड्या आहेत, दोन दहा टायर आणि एक आयशर. गेल्या वर्षापासून धंदा मी बघतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, अंबडच्या कंपन्यांचा थोडा माल, असं भाडं चालू असतं. माझा आतेभाऊ अमेरिकेत ट्रक चालवतो. तो म्हणतो, तिकडे वादळ आलं, पूर आला की ‘फेमा’ नावाची सरकारी संस्था आधीपासून मंजूर केलेल्या वाहतूकदारांनाच मदतीचा माल देते. आपल्याकडेही असं काही असेल म्हणून चौकशी केली. एक ओळखीचा एजंट ‘शासनमान्य आपत्ती वाहतूकदार’ असं कार्ड काढून देतो म्हणतोय, ३५ हजार लागतील. वडील म्हणतात, सरकारी कामात पडू नको, पैसे अडकतात. मी काय करू? मला ‘तू’च म्हणा, तुमच्या मुलाच्या वयाचा आहे.

उत्तर :

आधी त्या ३५ हजारांचं बोलू. देऊ नकोस. आपत्तीच्या मालवाहतुकीसाठी सगळीकडे चालेल असं एकच मान्यतापत्र आपल्याकडे नाही, तर त्याचं कार्ड येणार कुठून? रंगीत छापलेलं, राजमुद्रेसारखं काहीतरी वर असलेलं प्लॅस्टिक तुझ्या हातात पडेल. ते घेऊन तू तहसीलदारांसमोर उभा राहिलास की ते आधी कार्डाकडे बघतील आणि मग तुझ्याकडे.

तुझा आतेभाऊ खोटं सांगत नाही. फेमा ही तिकडच्या केंद्र सरकारची संस्था आहे. वाहतूकदार आधी सरकारच्या कंत्राटदार नोंदणीत नाव घालतो, फेमाच्या अटी मान्य करतो, दर कळवून ठेवतो, आणि वेळ आली की त्या यादीतून गाड्या उचलल्या जातात. आपल्याकडची घडी वेगळी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणाकडे दिली आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे तुझी फेमा नाशिकमध्येच, जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कलेक्टर ऑफिसमध्ये बसते. तिथे ‘मंजूर वाहतूकदार’ असा शिक्का मिळत नाही. मिळते ती ओळख, आणि ती पूर यायच्या आधी करून ठेवावी लागते.

गाडी या कामाला कशी लागते ते आता सांगतो. पहिला प्रकार तू निवडणुकीत पाहिला असशील, गाडी अधिग्रहित करतात. आपत्तीतही तेच. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेश काढून तुझी गाडी बचावकार्यासाठी ताब्यात घेऊ शकतो. तिथे ‘माझी गाडी पिंपळगावला भरायला लागलीय’ ही सबब चालत नाही. वाजवी कारणाशिवाय नकार दिलास तर शिक्षेची तरतूद आहे. पण कलम ६६ वाचणारे कमी भेटतात. त्यात लिहिलंय की अशा गाडीचा मोबदला त्या भागात चालू असलेल्या भाड्याच्या दरावर ठरवायचा, आणि मालकाला तो पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अर्ज करून लवादाकडे जाता येतं. तेव्हा आदेश लेखी घे. फोनवर ‘गाडी पाठवा, बघू नंतर’ असं कोणी म्हणालं तर गाडी पाठव, माणसं पाण्यात असताना कागदासाठी अडून बसू नये. पण त्याच संध्याकाळी तहसील कार्यालयात जाऊन आदेशाची प्रत मिळव. गाडी ताब्यात देताना चारही बाजूंनी फोटो काढ, किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा दिसेल असा एक फोटो आतून घे.

दुसरा प्रकार कराराचा, आणि खरं काम यातच आहे. सरकार बाराही महिने माल हलवत असतं. मनमाडच्या एफसीआय (भारतीय अन्न महामंडळ) डेपोतून धान्य तालुक्याच्या शासकीय गोदामात येतं, तिथून रेशन दुकानापर्यंत जातं. येवला, नांदगाव, सिन्नरकडे टंचाईत टँकर लागतात. टँकरला जीपीएस सक्तीचं असतं आणि फेऱ्यांची लॉगबुकात नोंद होते. हे सगळं निविदा काढून दिलेलं काम. पूर आला की ज्याचा करार आधीच चालू आहे, ज्याच्या गाड्यांचे नंबर पुरवठा खात्याला माहीत आहेत, त्यालाच पहिला फोन जातो. मध्यरात्री नवा माणूस शोधत बसायला अधिकाऱ्याला वेळ नसतो. कलम ५० ने आपत्तीत निविदेशिवाय तातडीची खरेदी करता येते हे खरं, पण त्या तातडीतसुद्धा माणूस ओळखीच्याच नंबरावर बोट ठेवतो.

तीन गाड्यांवर तुला असा मोठा करार थेट मिळणार नाही. उलाढालीची अट असते, अनुभवाची अट असते. त्यावर एक जुना, सरळ उपाय आहे. सध्याच्या कंत्राटदाराकडे एक गाडी वर्षभर अटॅच कर. भाडं बाजारापेक्षा थोडं कमी पडेल, हरकत नाही. पण वर्ष संपताना त्याच्या लेटरहेडवर काम केल्याचा दाखला घ्यायचाच. किती टन, कुठून कुठे, कोणत्या नंबरची गाडी, सगळं त्यात हवं. हा दाखला द्यायला कंत्राटदार खळखळ करतात, कारण उद्या तूच त्यांच्या समोर निविदा भरशील. म्हणून गाडी लावतानाच बोलून ठेव.

तोवर स्वतःची तयारी करत राहा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) करून घे, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्याचेही पैसे मागणारे भेटतील. डिजिटल सही काढ. केंद्राचं सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आणि राज्याचं निविदांचं महाटेंडर, दोन्हीवर नाव घाल. जेमवर मालवाहतुकीची सेवा किलोमीटरच्या हिशेबानेही घेतली जाते, आणि लहान उद्योगाला बऱ्याच ठिकाणी बयाणा रकमेतून सूट मिळते. निविदेच्या अटी मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या.

एक बारकी गोष्ट बहुतेक ट्रकमालकांना ठाऊक नसते. आजवर तू गाडी लावत आलास, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) मात्र हुंडेकऱ्याच्या, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाची. स्वतःच्या नावाची बिल्टी फाडून लोकांचा माल घ्यायचा असेल तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली ‘कॉमन कॅरिअर’ म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत चौकशी कर. नोंदणी १० वर्षं चालते. कार्डासाठी घालणार होतास तो हुरूप इथे घाल. सरकारी कामात बिल तुझ्या नावाचं आणि बिल्टी दुसऱ्याची असली की फाईल पहिल्याच टेबलावर थांबते.

आता नाव नोंदवण्याचं. त्याला पैसे लागत नाहीत. जिल्ह्याचा एक आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो आणि कायद्यानेच तो दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. कुठे कोणती साधनं, कोणाची वाहनं, कोणाचे फोन, हे त्या तयारीत येतं. एप्रिलमध्ये, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात जा. जूनमध्ये गेलास तर तिथली माणसं पावसाच्या धावपळीत असतात, आणि यंदा सिंहस्थाची लगबग वेगळीच. साध्या कागदावर अर्ज लिही : गाडीचा नंबर, टायर, किती टन पासिंग, बॉडी उघडी की बंद, परमिट राज्याचं की नॅशनल, चालकाचं नाव, रात्री-बेरात्री उचलला जाईल असा मोबाइल नंबर. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या झेरॉक्स जोड. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, ती घरी जपून ठेव. तशीच एक प्रत तहसीलदारांकडे दे. नंबर बदलला तर कळव. यादीत नाव आहे पण फोन बंद लागतो, असे किती जण मी पाहिलेत!

आयशरला कमी लेखू नकोस. मोठ्या गाडीने माल तालुक्याच्या गोदामापर्यंत येतो, पुढे गल्ली अरुंद, साकव कच्चा, रस्त्यावर गाळ. गोदावरीला पाणी आलं, नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, म्हणजे खाली सायखेडा-चांदोरीत काय होणार ते आपल्याला सांगावं लागत नाही. तिथे दहा टायर गाडी गावाबाहेर उभी राहते आणि आयशर, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली आत जाते. अर्जात आयशर पहिल्या ओळीत लिही.

माझी एक फजिती सांगतो, तुला उपयोगी पडेल. २०१९ चा ऑगस्ट. इकडे ४ तारखेला गोदेला पूर आला होता आणि त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. एका कार्यालयाकडून फोन आला, ब्लँकेट आणि धान्य घेऊन सांगलीकडे जायचंय. मी उत्साहात दोन गाड्या लावल्या. पाऊस कोसळत होता, गोदामात अंधार, हमाल घाईत. ब्लँकेटचे गठ्ठे मोजून घे, असं मी ड्रायव्हरला सांगितलं होतं. त्याने मोजले नाहीत, कागदावर लिहिलेल्या ६० वर सही ठोकली. पुढे महामार्ग बंद. गाड्या पेठ नाक्यावर अडकल्या. आपला पंचवटीतला पेठ नाका नव्हे, इस्लामपूरजवळचा. तीन दिवस तिथेच. शेवटी ज्या गावात माल उतरवला तिथे घ्यायला कोणी अधिकारी नव्हता. तरुण पोरं होती, मनापासून राबणारी. त्यांच्यातल्या एकाने बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या कडेवर ‘माल मिळाला’ असं लिहून सही करून दिली. नाव नाही, तारीख नाही, नग नाहीत.

तो पुठ्ठा मी बिलाला जोडला! कार्यालयातल्या बाईंनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, ‘हे काय लावू मी?’ त्यांचंही चूक नव्हतं. शिक्क्याची पोच हवी होती. ती आणायला मी परत सांगलीला गेलो तर ज्या तलाठ्यांच्या हद्दीत माल उतरला त्यांची बदली झालेली. वर गठ्ठे निघाले ५६. चार कमी कुठे गेले ते देवाला ठाऊक, बहुतेक भरलेच नव्हते, पण सही ६० वर. तीन दिवसांच्या खोळंब्याचा आदेशात शब्द नव्हता, तो गेला. बाकी बिल निघायला ११ महिने लागले आणि चार गठ्ठ्यांची किंमत त्यातून कापली गेली.

तेव्हापासून माझ्या गाडीच्या केबिनमध्ये एक जाड पुठ्ठ्याची पोचवही असायची, कार्बन घातलेली. तूही ठेव. भरताना नग मोजल्याशिवाय सही करायची नाही, पाऊस असो वा नसो. उतरवताना घेणाऱ्याचं पूर्ण नाव, हुद्दा, फोन, तारीख-वेळ, नग, शिक्का. शिक्का नसेल तर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील, जो सापडेल त्याची सही आणि उतरवलेल्या मालासोबत त्याचा फोटो. लगेच तो फोटो तहसीलच्या माणसाला मोबाइलवर पाठवायचा. आदेश घेताना विचारून घ्यायचं : किलोमीटरला दर काय, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, हॉल्टिंग (खोळंब्याचे पैसे) किती, टोल कोणाचा, भरण्या-उतरवण्याची हमाली कोणाची, वाराई (हमाल गाडीवाल्याकडून वेगळे मागतात ते पैसे) मागितली तर कोण देणार. हे मागणं वाईट दिसतं असं तुला वाटेल. वाटू दे. पूर ओसरल्यावर हेच प्रश्न तुला विचारले जातात, आणि तेव्हा उत्तर द्यायला दुसरा कोणी नसतो.

गाडीवर मोठा फलक लावून ‘पूरग्रस्तांसाठी मदत’ असं मिरवत जाऊ नकोस, असं माझं मत आहे. वाटेत जमाव थांबवतो. त्यातही गरजू असतातच, पण माल ज्याच्या नावाचा त्यालाच पोचला पाहिजे. ताडपत्री नीट बांध, आदेशाची प्रत पुढच्या काचेला लाव, तेवढं पुरे. ड्रायव्हरला बजावून सांग, मालातलं पाण्याच्या बाटलीचं खोकंसुद्धा स्वतःसाठी फोडायचं नाही. मदतीच्या मालाची अफरातफर हा याच कायद्याच्या कलम ५३ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच्यासाठी पाणी आणि फरसाण घरून बांधून दे. ओव्हरलोडही करायचं नाही, मदतीचा माल आहे म्हणून घाटात ब्रेक जास्त लागत नाहीत.

विम्याचंही बघ. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराच्या पाण्यात गाडीचं झालेलं नुकसान तुझंच. पूर्ण पॉलिसी असली तरी इंजिनमध्ये पाणी जाऊन झालेला बिघाड बहुतेक वेळा वेगळी जोड घेतल्याशिवाय मिळत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर ड्रायव्हरने परत स्टार्टर मारायचा नाही. हे त्याला आधीच सांग, कारण त्या क्षणी प्रत्येकाचा हात चावीकडेच जातो.

आता वडिलांच्या भीतीकडे येतो. पैसे अडकतात हे खरंच आहे. हिशेब मांडून बघ. नाशिक-सांगली जाऊन-येऊन साधारण ९०० किलोमीटर. भरलेली दहा टायर लिटरला चारचं ॲव्हरेज देते असं धर, म्हणजे २२५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर एका फेरीला २० हजारांच्या वर नुसतं डिझेल. आयशरलाही तेवढंच धरलं तर तीन गाड्यांच्या तीन-तीन फेऱ्या म्हणजे १ लाख ८० हजार, त्यात टोल नाही, भत्ता नाही, टायर नाहीत. हे पैसे सहा महिने परत येणार नाहीत असं धरूनच उतर. त्यात ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघण्याचे दिवस. दहा दिवस गाडी दिली नाहीस तर तुझा व्यापारी दुसरी गाडी बघतो आणि मग तीच त्याच्या अंगवळणी पडते. म्हणून तीनही गाड्या एकदम सरकारी मदतकार्याला लावू नकोस. एक लाव. दोन कांद्यावर राहू देत, त्यांच्या भाड्यात हप्ते निघतील.

अडकलेल्या पैशासाठी एक दोर आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा सांगतो, आणि त्यासाठी सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. सरकारी खात्याविरुद्धही करता येते. पण ज्यांच्याकडून पुढचं काम हवंय त्यांच्यावर पहिल्याच वर्षी तक्रार टाकायची का, हे तू ठरव. मी असतो तर आधी दोन स्मरणपत्रं दिली असती, प्रत्येकावर आवक क्रमांक घेऊन. तारखा मात्र जपून ठेवल्या असत्या.

कराचं थोडक्यात. आपत्तीग्रस्तांसाठीचं मदत साहित्य वाहतूक एजन्सीने रस्त्याने नेलं तर त्या भाड्यावर जीएसटी माफ आहे, म्हणून बिलावर ‘पूरग्रस्तांसाठी मदत साहित्य’ असं स्पष्ट लिही, नुसतं ‘मालवाहतूक’ लिहू नको. आणि तुझ्या गाड्या दहाच्या आत आहेत, तेव्हा पॅनसह तसं घोषणापत्र दिलंस तर भाड्यातून आयकराची कपात होत नाही. ते बिलासोबतच जोडायचं. एकदा कापून गेलं की परतावा येईपर्यंत पुन्हा वाट बघणं आलं.

तिसरा प्रकार राहिला, कंपन्या, देवस्थानं आणि संस्था पाठवतात तो माल. अंबड-सातपूरच्या कंपन्यांशी तुझी ओळख आहेच. त्यांच्या एचआरवाल्यांना आत्ताच सांगून ठेव की मदतीचा माल निघाला तर आपली गाडी आहे. इथे पैसे लवकर मिळतात. फुकट न्यायचं असेल तर मनापासून फुकट ने, आम्हीही नेलंय. पण ‘डिझेलपुरते द्या’ म्हणायचं आणि मग चारचौघांत कुरकुर करायची, तसं नको. आणि त्या आठवड्यात भाडं दुप्पट करणारे तुला भेटतील. त्यांची नावं लोक विसरत नाहीत, हे आडगाव नाक्यावरच्या कुठल्याही चहावाल्याला विचार.

वडिलांना माझा नमस्कार सांग आणि वरचा डिझेलचा हिशेब त्यांच्यासमोर मांड. ते नाही म्हणाले तर यंदा फक्त अर्ज देऊन ठेव, गाडी पुढच्या वर्षी अटॅच कर. त्या ३५ हजारांतून आधी विम्याची ती जोड घे. मग दोन नव्या ताडपत्र्या घे, जाड. सांगलीला माझी एक मधोमध फाटकी निघाली होती आणि वरचे गठ्ठे भिजलेले उतरले होते.